शाळेची पुस्तिका आणि संगणकावरील मुक्त साधने



साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेर येथील हायस्कुलात शिक्षक होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आल्यावर त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले आणि पुढे १९२८ साली 'विद्यार्थी' हे मासिक काढले. त्या दैनिकासाठी त्यांजपाशी साधने ती काय होती? कागद, शाई आणि टाक. परंतु या साध्या साधनांत एक मोठा गुण होता. एका टाकाने लिहिलेले दुसऱ्या टाकाने पुढे चालविता येई. टाक मोडला म्हणून कालचा अंक वाचता येईनासा झाला, असे कधी घडत नसे.

आज आपल्या शाळांतून जे लेखन बाहेर पडते, त्यातील बहुतेक संगणकावर तयार होते. प्रश्नपत्रिका, स्वाध्यायपत्रिका, स्नेहसंमेलनाचा अहवाल, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, मुलांचे वार्षिक अंक, झालेच तर शाळा सोडल्याचा दाखला. या नव्या साधनांत मात्र टाकाचा तो गुण आपोआप येत नाही. तो निवडून घ्यावा लागतो. ही निवड कशी करावी, याविषयी प्रस्तुत लेखात काही लिहावयाचे आहे. हा विषय संगणकतज्ज्ञांचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून कृपया पान उलटू नये.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेस, पिंपळनेरच्या पलीकडे डोंगरपट्ट्यात एक द्विशिक्षकी शाळा आहे. तेथे पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी कोकणा किंवा भिल्ल समाजाची बोली चालते. वर्गातील मराठी त्यांना पहिले काही महिने परकीच असते. तेथील बाईंनी तीन वर्षे खपून मुलांकडून व त्यांच्या आज्यांकडून शब्द जमविले, त्यांपुढे मराठी प्रतिशब्द लिहिले, सणांची गाणी उतरून घेतली आणि पंचवीस-तीस लहान गोष्टी टिपल्या. यातून चाळीस पानांची एक पुस्तिका सिद्ध झाली. गावातल्या एका टंकलेखनाच्या दुकानातून ती अक्षरजुळणी करवून घेतली आणि पन्नास प्रती काढल्या. पुस्तिका वर्गात इतकी वापरली गेली की सहा वर्षांत तिच्या कडा झिजून गेल्या.

नवी आवृत्ती काढावी म्हणून बाईंनी दुकानदाराने दिलेली फाइल शाळेच्या संगणकावर उघडली. पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हे यांची चाळीस पाने होती. दुकान मध्यंतरी बंद झाले होते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते काम झाले, ते संगणकास विशिष्ट कुलूप जोडल्याखेरीज चालत नसे, आणि ते कुलूप कोणाकडे गेले याचा पत्ता नव्हता. बाई ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पंचायत समितीत माझ्याकडे आल्या. मला ओशाळल्यासारखे झाले. कारण तालुक्यातील सर्व शाळांनी आपले काम त्याच एका फॉन्टमध्ये करून घ्यावे, म्हणजे एकसारखेपणा राहील, अशी सूचना काही वर्षांपूर्वी एका बैठकीत मीच दिली होती.

हे असे का झाले, ते नीट समजून घेतले पाहिजे. संगणक अक्षरे साठवीत नाही, अंक साठवितो. अमुक अंक म्हणजे अमुक अक्षर, असा संकेत ठरलेला असतो. आरंभीच्या काळात हे संकेत इंग्रजी अक्षरांपुरतेच सर्वमान्य होते. मराठी छापण्याची निकड तर होती. तेव्हा निरनिराळ्या उत्पादकांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्याच अंकांवर त्यांनी देवनागरीची चित्रे बसविली. संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजीच लिहिलेले असते, फक्त फॉन्टच्या मुखवट्यामुळे आपणांस ते मराठी दिसते. मुखवटा निघाला की खालचे इंग्रजी उघडे पडते. शिवाय प्रत्येक उत्पादकाने चित्रे आपापल्या सोयीने बसविली. त्यामुळे एकाच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही.

त्या युक्तीला नावे ठेवण्याचे कारण नाही. दोन दशके महाराष्ट्रातील वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके तिच्याच बळावर निघाली. परंतु ती तात्पुरती सोय होती, आणि आपण तिला कायमची समजून बसलो.

कायमची सोय म्हणजे युनिकोड. जगातील सर्व लिप्यांना एकच सामाईक संकेत असावा, या हेतूने त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीस स्वतःची जागा मिळाली, आणि तिची मांडणी आपल्या देशात आधीच ठरलेल्या 'इस्की' या भारतीय संकेतावर बेतलेली होती. युनिकोडात 'क' चा अंक हा 'क' चाच असतो, मग फॉन्ट कोणताही असो.

शिक्षकांस यातील एक गोष्ट विशेष आवडेल. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहावयाचे तर टंकयंत्राप्रमाणे आधी वेलांटी आणि मग 'क' असा क्रम असे, कारण डोळ्यांना वेलांटी आधी दिसते. युनिकोडात आधी 'क' आणि मग पहिली वेलांटी असा क्रम आहे. पहिलीच्या वर्गात आपण 'क ला पहिली वेलांटी कि' असेच घोकवून घेतो. म्हणजे युनिकोड हा दिसण्याच्या क्रमाने चालत नसून उच्चाराच्या क्रमाने, बाराखडीच्या क्रमाने चालतो. वेलांटी अक्षराच्या डावीकडे नेणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढविणे, 'क्' आणि 'ष' यांचा 'क्ष' करणे ही कामे फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून करतात. ज्या सॉफ्टवेअरला ही कामे येत नाहीत, त्यात वेलांट्या भलतीकडे पडतात आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. साधनाची निवड करताना पहिली परीक्षा हीच.

या परीक्षेसाठी मी एक वाक्य करून ठेवले आहे. 'दऱ्याखोऱ्यांतल्या शाळेत ॲल्युमिनिअमच्या डब्यात क्षीर आणि दुसऱ्या वर्गात ज्ञानेश्वरी.' वाक्यास अर्थ नाही, पण त्यात आपल्या लिपीच्या बहुतेक अडचणी आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधली खोलगट जागा. हा भेद मराठीत आहे, हिंदीत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या साधनांत तो पुष्कळदा चुकतो. युनिकोडात हा अर्धा 'ऱ' लिहिताना साधा 'र' न घेता टिंबवाला 'ऱ' घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र' ची जी कळ आहे, तीच शिफ्टसह दाबली की तो येतो. 'ॲ' या अक्षरास तर युनिकोडात स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यामुळे फार जुन्या फॉन्टमध्ये ते नसतेच. आणि आपल्या 'ल' व 'श' या अक्षरांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत. राज्यशासनाच्या वर्णमालाविषयक निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच रूपे मानलेली आहेत. पहिलीच्या मुलाच्या हाती जाणाऱ्या कागदावर तरी ही वळणे सांभाळावीत.

बाईंच्या पुस्तिकेचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडात उतरविणारी परिवर्तके विनामूल्य मिळतात. त्यांतील एकाने बरेचसे काम केले. परंतु ती फाइल ज्या फॉन्टमध्ये होती, त्याच्या दोन पिढ्या होत्या, आणि आमच्या परिवर्तकास एकच पिढी ठाऊक होती. अर्धे 'ऱ' सगळे गेले, अनुस्वार कोठे चढले तर कोठे उडाले. मराठी मजकुरातील अशा चुका आपण वाचता वाचता दुरुस्त करू शकतो. बोलीतील शब्दांचे काय करावे? तेथे अनुस्वार होता की नव्हता, हे सांगणारा शब्दकोश कोणापाशी आहे? बाईंना छापील प्रत समोर ठेवून प्रत्येक शब्द पडताळावा लागला. आणि त्या प्रतीची मधली चार पाने केव्हाच फाटून गेली होती. त्यांवरील दोन गोष्टी ज्या आजीने सांगितल्या होत्या, ती तोपर्यंत हयात नव्हती.

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळात, १९२७ पासून, जुनी कागदपत्रे जतन केलेली आहेत. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद तेथे आजही उलगडून वाचता येतो, मात्र मोडी जाणणारा माणूस हवा. अलीकडे राज्यात जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशा माणसांची किती वाण आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. आपण सहा वर्षांपूर्वी केलेल्या फाइलीची अवस्था मोडीहूनही कठीण झाली, कारण मोडी शिकता तरी येते. मोडी लिपीलादेखील २०१४ पासून युनिकोडात स्थान आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

येथवर मजकुराच्या संकेताविषयी झाले. आता सॉफ्टवेअरकडे वळू. 'विनामूल्य' आणि 'मुक्त' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत अंतर आहे. बाजारात अशी पुष्कळ साधने आहेत की जी आज फुकट मिळतात आणि उद्या उत्पादकाच्या मनात आले की त्यांस दाम पडतो, किंवा ती बंदच होतात. मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या चळवळीची घोषणा केली. त्यांच्या व्याख्येप्रमाणे वापरणाऱ्यास चार मोकळिकी असाव्या लागतात. ते कोणत्याही कामासाठी चालविण्याची, त्याची आतील रचना अभ्यासण्याची, त्याच्या प्रती दुसऱ्यास देण्याची आणि त्यात सुधारणा करून ती वाटण्याची. यांतील तिसरी मोकळीक शाळेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. केंद्रातील एका शाळेने घेतलेले साधन उरलेल्या शाळांना उजळ माथ्याने देता येते. आज पुष्कळ ठिकाणी महागड्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती चालतात, हे आपण सर्व जाणतो आणि कोणी बोलत नाही. मुलांस प्रामाणिकपणाचा पाठ शिकवितो त्याच खोलीत हा संगणक असतो, हे मला बोचते. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकाचे रोगही येतात, तो भाग निराळा.

आता प्रत्यक्ष साधने. आपल्या नव्वद टक्के कामास एकच साधन पुरेसे आहे, असे माझे मत झाले आहे, आणि ते म्हणजे लिबरऑफिस. त्याचा पूर्ववृत्तांत थोडक्यात असा. एका जर्मन कंपनीचे स्टारऑफिस नावाचे सॉफ्टवेअर सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ साली विकत घेतले आणि पुढच्या वर्षी त्याची आतील रचना सर्वांस खुली केली. त्यातून ओपनऑफिस निघाले. पुढे मालकी बदलली, तेव्हा काम करणाऱ्या मंडळींनी २०१० मध्ये वेगळी संस्था स्थापून लिबरऑफिस या नावाने तेच काम चालू ठेवले. कंपनी हात बदलते आणि काम तसेच राहते, हा मोकळिकीचा रोकडा पुरावा. याउलट पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, आणि तरीही काही छापखाने अजून तिलाच धरून आहेत.

लिबरऑफिसमधील रायटर हा भाग पत्रे, अहवाल, प्रश्नपत्रिका आणि साध्या पुस्तिका यांसाठी आहे. त्याची फाइल ज्या ओडीएफ नमुन्यात साठते, तो २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणून ती इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडता येते. वरिष्ठ कार्यालयाने वर्डचीच फाइल मागितली, तर तशी फाइलही रायटर करून देतो. मात्र कोष्टके असतील तर ती एकदा तपासून मग पाठवावीत, कधी कधी रकाने सरकतात.

आरंभी येथे बहुतेकांचा एक घोटाळा होतो. संगणकाच्या भाषेत देवनागरी ही 'जटिल मांडणीची' लिपी मानली जाते. लिबरऑफिसच्या भाषाविषयक पर्यायांत हा भाग चालू करून तेथे मराठी भाषा निवडावी लागते, आणि शैलीच्या चौकटीत मराठीचा फॉन्ट इंग्रजीच्या फॉन्टहून वेगळ्या रकान्यात द्यावा लागतो. हे न केल्यास आपण अक्षर मोठे करतो आणि मराठी मजकूर जागचा हलत नाही. मग सॉफ्टवेअर वाईट, असा निकाल होतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटे देऊन ही व्यवस्था करावी.

दुसरी सवय शैलींची. मथळा निवडून तो ठळक केला, मोठा केला, मधोमध नेला, असे प्रत्येक पानावर हाताने करू नये. 'मथळा' ही शैली एकदा ठरवावी आणि तीच सर्वत्र लावावी. पुढे मथळ्याचा आकार बदलावासा वाटला, तर एका ठिकाणी बदलताच चाळीसही पानांवर तो बदलतो. ही सवय नसलेल्या माणसाला सॉफ्टवेअर बदलून काही लाभ होत नाही. जुनी ओढाताण तो नव्या घरी घेऊन जातो.

मराठी शुद्धलेखन तपासण्याचा शब्दकोशही जोडता येतो. त्यावर फार विसंबू नये. अहिराणीतील एक गाणे मी त्यात घातले, तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सर्व शब्दांखाली तांबडी रेघ आली. बहिणाबाईंची तीच गत झाली असती.

पुस्तिका काढावयाची तर ए-चार आकाराचा कागद मधोमध दुमडून तिची चार पाने होतात. म्हणून पृष्ठसंख्या नेहमी चाराच्या पटीत ठेवावी. चाळीस पानांस दहा कागद. रायटरमध्ये छपाईच्या वेळी पुस्तिकेचा पर्याय निवडला की कोणते पान कोणत्या पानाशेजारी यावे, हा हिशेब सॉफ्टवेअरच करते. छपाईयंत्र दोन्ही बाजूंनी छापणारे नसेल, तर आधी चार पानांची चाचणी घ्यावी. नाहीतर मागची बाजू उलटी छापली जाते आणि रिम वाया जाते. कागदाच्या पैशाचा हिशेब शेवटी मुख्याध्यापकांनाच द्यावा लागतो.

ज्या कामात चित्रे व मजकूर शेजारी शेजारी बसवावयाचे असतात, रकाने असतात, रंगीत मुखपृष्ठ असते, तेथे रायटर अपुरा पडतो. अशा कामास स्क्रायबस घ्यावे. यात मजकुराची व चित्राची चौकट पानावर हवी तेथे ठेवता येते. जुन्या छापखान्यातील पृष्ठजुळणीच ती. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. स्क्रायबसच्या जुन्या आवृत्त्यांना देवनागरीची जुळणी येत नव्हती. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी ते वापरून पाहिले आणि सोडून दिले, त्यांचे चुकले नव्हते. २०२४ च्या आरंभी निघालेली १.६ ही पहिली स्थिर आवृत्ती आहे, जीत आपली लिपी सरळ उमटते. त्यापूर्वीची घेऊ नये. केरळातील 'जनयुगम्' या मल्याळम दैनिकाने २०१९ मध्येच त्याच्या चाचणी आवृत्तीवर आपली सर्व पृष्ठे जुळविण्यास प्रारंभ केला. रोज पहाटे ज्यांना अंक काढावयाचा असतो, त्यांना जे पेलले ते वर्षातून एक अंक काढणाऱ्या शाळेस पेलणार नाही, असे म्हणवत नाही. त्याच राज्यातील शासकीय शाळांचे संगणकशिक्षणही मुक्त सॉफ्टवेअरवरच चालते.

गणिताच्या शिक्षकांसाठी टेक् या साधनाचा नुसता उल्लेख करतो. डोनाल्ड नूथ या गणितज्ञ संगणकशास्त्रज्ञाला १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी कुरूप वाटली की त्याने ग्रंथाचे काम बाजूस ठेवून अक्षरजुळणीचे साधनच तयार केले आणि जगास खुले केले. अपूर्णांक, वर्गमुळे, समीकरणे त्याच्याइतकी सुरेख कोठेही उमटत नाहीत. त्याच्या झीटेक् या प्रकारात युनिकोड मराठी चालते. शिकावयास वेळ लागतो. प्राथमिक शाळेस त्याची गरज क्वचितच पडेल, पण एखाद्या हौशी शिक्षकाने हात घातल्यास मला आनंदच होईल.

छायाचित्रे सुधारण्यासाठी गिम्प आणि रेखाचित्रे, नकाशे काढण्यासाठी इंकस्केप ही दोन्ही साधने मुक्त आहेत. चित्रांबाबत माझा आग्रह असा की इंटरनेटवरून उचलू नयेत. त्यांवर कोणाची तरी मालकी असते. मुलांनी काढलेली चित्रे चांगल्या उजेडात सपाट ठेवून टिपली, तर ती पुस्तिकेत अधिक शोभतात. बाहेरची चित्रकथा हवीच असेल, तर प्रथम बुक्सने २०१५ पासून चालविलेल्या स्टोरीवीव्हरवर खुल्या परवान्याच्या पुष्कळ गोष्टी आहेत. मूळ लेखक व चित्रकार यांची नावे छापून त्या वापरता येतात, आपल्या बोलीत उतरविताही येतात.

फॉन्टही मुक्त परवान्याचेच निवडावेत, म्हणजे फाइलीबरोबर ते दुसऱ्या शाळेस देता येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू हे दोन्ही सर्वत्र मिळतात. बालू मोठ्या मथळ्यांस व मुलांच्या गोष्टींस फार छान दिसतो. ग्रंथाच्या वळणाचा गंभीर फॉन्ट हवा असेल, तर मुंबईच्या आयआयटीने सिद्ध केलेला शोभिका घ्यावा. तो राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा फॉन्टवर आधारलेला आहे. एका पुस्तिकेत दोनांहून अधिक फॉन्ट नकोत. पहिली-दुसरीच्या मजकुरास वीस पॉइंटांहून लहान अक्षर मी पसंत करीत नाही. आणि दोन ओळींमध्ये इंग्रजीहून जास्त अंतर सोडावे, कारण आपल्या मात्रा वर जातात आणि उकार खाली उतरतात.

एवढे वाचून काही शिक्षक दोन आक्षेप घेतील. पहिला असा की छापखानेवाला आमची फाइल घेत नाही, त्याला त्याच्याच सॉफ्टवेअरमधली हवी असते. त्यास पीडीएफ द्यावी. रायटर व स्क्रायबस दोन्ही ती करून देतात, तीत फॉन्ट अंतर्भूत असतो, आणि तीवरून कोणीही छापू शकतो. छापखान्याने मजकूर पुन्हा आपल्या जुन्या फॉन्टमध्ये घ्यावयाचे म्हटल्यास स्पष्ट नकार द्यावा. चुका तेथेच शिरतात. दुसरा आक्षेप असा की आम्हांस इन्स्क्रिप्ट कळफलक येत नाही. ज्यांचा हात टंकयंत्रावर बसलेला आहे, त्यांच्यासाठी रेमिंग्टन मांडणीतही युनिकोड लिहिण्याची सोय आहे. आणि मोबाइलवर आपण जे मराठी रोज लिहितो, निरोप पाठवितो, ते सर्व युनिकोडच असते. म्हणजे जे येत नाही असे वाटते, ते आपण सकाळपासून रात्रीपर्यंत करीतच असतो. मोबाइलवर लिहिलेला मजकूर संगणकावर घेऊन रायटरमध्ये चिकटवावा, तो जसाच्या तसा येतो.

युनिकोडचा आणखी एक लाभ कार्यालयीन कामात दिसतो. पटावरील नावे लिबरऑफिसच्या कॅल्क या भागात घातली, तर ती मराठी वर्णक्रमाने लावता येतात आणि हवे ते नाव शोधता येते. जुन्या फॉन्टमध्ये ही नावे खालच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागत, म्हणजे कोठलाच क्रम नसे. दाखल्यावर मुलाचे नाव चुकीचे उमटले, तर त्याचा त्रास त्याला पुढे जन्मभर पुरतो. अशी दुरुस्तीची प्रकरणे माझ्या टेबलावर दर महिन्यास येतात.

तयार झालेले काम ठेवताना एका फोल्डरात तीन गोष्टी असाव्यात. मूळ ओडीटी फाइल, तिची पीडीएफ आणि वापरलेला फॉन्ट. हा फोल्डर शाळेत एक आणि केंद्रशाळेत एक असा दोन ठिकाणी राहावा. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरत असतात आणि खालच्या शाळेत वीज नसते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून छापील प्रतही एक, कपाटात, हात न लावता ठेवावी. बाईंपाशी तशी प्रत असती, तर त्या दोन गोष्टी वाचल्या असत्या.

त्यांच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती आता रायटरमध्ये बसविली आहे. यंदाच्या दुसरीच्या मुलांनी आणखी साठ शब्द आणून दिले, त्यामुळे ती अठ्ठेचाळीस पानांची झाली. गेलेल्या गोष्टींच्या जागी बाईंनी दोन पाने मोकळी ठेवली आहेत आणि वर त्या गोष्टींची नावे तेवढी छापली आहेत. गावात कोणास त्या आठवत असल्यास मुलांनी तेथे लिहून आणाव्यात, अशी त्यांची योजना आहे. पहिल्या गोष्टीचा आरंभ एका मुलाच्या चुलत्याने सांगितला आहे.

पुढील शिक्षण परिषदेस प्रत्येक शाळेने जुन्या फॉन्टमधील एखादी फाइल पेनड्राइव्हवर सोबत आणावी. तिची छापील प्रत उपलब्ध असल्यास तीही आणावी. लिबरऑफिस, स्क्रायबस आणि वर सांगितलेले फॉन्ट तेथेच प्रत्येकास उतरवून दिले जातील. ज्यांच्या फाइलीत बोलीतील शब्द, गाणी किंवा गोष्टी असतील, त्यांचे काम आधी हाती घेऊ.